शेवटच्या नळापर्यंत
(अभ्यासपाठ)



उन्हाळा लागला की आपल्या भागात दोन प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी असतात. टँकर कधी येणार? नळाला पाणी किती दिवसांनी सुटणार? तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. पाणी आलेच तर ते कोणत्या गल्लीत आधी येते आणि कोणत्या वस्तीत शेवटी? आजचा पाठ या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

येरमाळा बालाघाटाच्या माथ्यावर आहे. खाली काळा पाषाण. त्यात पाणी मुरते कमी आणि टिकते त्याहून कमी. त्यामुळे १९७२ चा दुष्काळ असो की २०१२ ते २०१६ ची कोरडी वर्षे असोत, आपल्याकडे पाणी वाटून घेण्याचा प्रसंग नेहमीचाच. अशा वेळी शासनाच्या योजनाही येतात. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले. २०१९ साली जल जीवन मिशन आले. प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हा त्याचा हिशेब. २०२० च्या २ ऑक्टोबरपासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर ग्रामपंचायतींना व नगरपालिकांना गुण मिळतात. झाडे लावा, सौरदिवे बसवा, कचरा वेगळा करा, पाणी साठवा. सगळे चांगलेच आहे. परंतु गुण संपूर्ण गावाला मिळतात. गावात शंभर झाडे लागली याची नोंद होते. ती चौकात लागली की मागच्या वस्तीत, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

नळाचेही तसेच आहे. टाकी उंचावर, जलवाहिनी आधी मुख्य रस्त्याने आणि शेवटी कडेच्या वस्तीकडे. सुरुवातीच्या घरांना जोरात पाणी मिळते. कोणी नळाला मोटार लावतो. टोकाच्या घरी पोहोचेपर्यंत करंगळीएवढी धार उरते आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह बंद होतो. कागदावर मात्र दोन्ही घरांना ‘नळजोडणी आहे’ असेच लिहिलेले असते. यात कोणी मुद्दाम वैर धरलेले असते असे नाही. पूर्वी ज्यांना गावाच्या कडेला राहावे लागले, त्यांच्या वाट्याला आज जलवाहिनीचे टोक येते, एवढेच.

कागद आणि पाणी यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे महाडने दाखवून दिले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी कोणा अस्पृश्याला पिता आले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला! उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. म्हणजे एका स्थानिक संस्थेचा एक साधा ठराव खरा व्हायला तेरा वर्षे लागली.

महाड लांब वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे आठवा. तेथे १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. गावकीची कामे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांना गावाच्या विहिरीवर जागा नव्हती. आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणजांची हीच कथा आहे.

योहानच्या शुभवर्तमानात (अध्याय ४) प्रभू येशू सुखार गावाजवळच्या विहिरीवर बसून शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. आपण तो उतारा अनेकदा ऐकला आहे. तिला आश्चर्य वाटते ते कशाचे? यहुदी माणूस आपल्या भांड्यातून पाणी पिईल याचे. मराठवाड्यातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा असे सांगितले, आणि पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला.

चांगल्या हेतूच्या योजनेतही जुनी मोजमापे कशी टिकून राहतात, याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यात अजून उभे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जी गावे नवीन जागी वसवली, तेथील घरांचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. भूकंपाने सर्वांना सारखेच उघड्यावर आणले होते. भूमिहीनाच्या घरात माणसे कमी असतात असे थोडेच आहे?

आता पैशाविषयी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. तिचा निधी वस्तीतील या घटकांची लोकसंख्या पाहून मिळतो. येथे आपली अडचण सुरू होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींत प्रथम फक्त हिंदूंची गणना झाली. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव आले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. आपल्या राज्यात त्यांची नोंद इतर मागासवर्गात होते. न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. तात्पर्य, एकाच गल्लीत, एकाच भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन भावांपैकी एक त्या निधीच्या हिशेबात येतो आणि दुसरा येत नाही. यातून काही कुटुंबांवर काय पाळी येते, हे आपण जाणतो; त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

परंतु जल जीवनचा नळ जात विचारत नाही आणि धर्मही विचारत नाही. तेथे प्रत्येक घर मोजले गेलेच पाहिजे. ते मोजले गेले का, हे विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा तेथेच वाचला जातो, आणि महिलांची सभा त्याआधी घ्यावयाची असते. बोलताना ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढेच म्हटले तर उत्तरही तेवढेच मोघम मिळते. त्याऐवजी आपल्या शेवटच्या दहा घरांची यादी करावी. एक हंडा भरायला किती मिनिटे लागतात, पाणी किती दिवसांनी येते, हे आठ दिवस वहीत लिहावे. हे काम आपल्या भगिनी उत्तम करतील. हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. ती वही ग्रामसेवकांपुढे ठेवावी आणि प्रश्नाची नोंद इतिवृत्तात झाली की नाही, हे पाहूनच उठावे.

आणखी एक. आपल्याही मागे कोणीतरी आहे. पारधी कुटुंबांची पाले कोणत्या यादीत आहेत? ऊसतोडीला गेलेली कुटुंबे २६ जानेवारीच्या ग्रामसभेला फडावर असतात. त्यांच्या घराचा नळ कोण मोजणार? मात्र १ मे आणि १५ ऑगस्टला ती बहुधा गावातच असतात. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांनी या आठवड्याच्या बैठकीत हे दोन प्रश्न चर्चेला घ्यावेत, आणि शेजारच्या वस्तीतील दोघा-चौघांनाही बैठकीला बोलवावे.