वडगावचे जनरल थोरात

कोल्हापुरात मंगळवार पेठेजवळ खासबाग मैदान आहे. तिथली कुस्ती पाहायला आपल्यातले पुष्कळजण गेले असतील. कुस्तीत दोघांच्याही हातात हत्यार नसते. मध्ये पंच उभा असतो. लढाईत पंच नसतो. मग तिथे माणूस धीर कसा धरतो? आपल्याच जिल्ह्यातल्या एका शूर सैनिकाची हकीकत आज आपण वाचू.

त्यांचे नाव शंकरराव पांडुरंग थोरात. कोल्हापूर भागातल्या वडगावात १९०६ साली त्यांचा जन्म झाला. विलायतेत सँडहर्स्ट या गावी ते लष्करी शिक्षण शिकले आणि १९२६ साली फौजेत अधिकारी झाले. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. पलटणीचा मुख्य बहुतेक इंग्रजच असे. हिंदी माणसाच्या हाती पलटण सोपवायला साहेब कचरत असत.

दुसरे महायुद्ध पेटले. ब्रह्मदेशात जपानी फौज होती. समुद्रकाठच्या आराकान भागात कांगाव नावाचे गाव आहे. जपान्यांची माघारीची वाट त्या गावावरून जात होती. ती वाट अडवायची होती. त्या कामावर तीन पलटणी गेल्या आणि तिन्हींचे मुख्य हिंदी होते : थिमय्या, सेन आणि आपले थोरात. १९४५ च्या जानेवारीअखेर थोरातांच्या पंजाब पलटणीने तिथली एक टेकडी घेतली. जवान संगिनी रोखून चढले. जपान्यांनी उलट हल्ले केले, पण टेकडी सुटली नाही. कितीतरी जवान तिथे कामी आले. या लढाईसाठी तिघांनाही डी. एस. ओ. हे मोठे पदक मिळाले. हिंदी माणूस पलटण चालवू शकतो हे साऱ्यांना दिसले.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९५३ साली कोरिया देशातली लढाई थांबली. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांना सांभाळायचे कोणी? ते काम भारताकडे आले. आपल्या फौजेचे मुख्य म्हणून थोरात तिकडे गेले. दक्षिण कोरियाचे सरकार आपल्यावर रागावले होते. आमच्या जमिनीवर पाय ठेवू नका, म्हणाले. तेव्हा आपले जवान बोटीवरून हेलिकॉप्टरने छावणीत उतरवावे लागले.

कैद्यांच्या मनातही संशय होता. हे लोक आपल्याला जबरीने घरी धाडतील, असे त्यांना वाटे. सप्टेंबर महिन्यात एक कैदी तारेबाहेर पळून आला. त्याला घरी जायचे होते. बाकीचे खवळले. त्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून ओलीस धरले.

आता काय करावे? गोळी चालवली तर कैदी मरणार, मेजरही मरणार. गप्प बसले तर धाक संपणार. थोरात स्वतः त्या तारेच्या आत गेले. हातात शस्त्र घेतले नाही. संतापलेल्या जमावात उभे राहून ते शांतपणे बोलले आणि मेजरला सोडवून घेऊन आले. या धैर्याबद्दल भारत सरकारने त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा, हे पदक दिले. आज त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात. दर वेळी असे जमले नाही. पुढे काही वेळा आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले. पण आधी बोलून पाहायचे, ही रीत थोरातांनी घालून दिली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. १९५७ पासून ते पूर्व सरहद्दीच्या फौजेचे मुख्य होते. १९५९ साली त्यांनी वर लिहून कळवले, की डोंगरातल्या आपल्या चौक्यांना रस्ते नाहीत, जवान थोडे आहेत. चीनने हल्ला केला तर त्या टिकणार नाहीत. १९६० साली लखनौला नकाशे मांडून त्यांनी तेच दाखवले. दिल्लीला ते रुचले नाही. १९६१ साली ते निवृत्त झाले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि चौक्या पडल्या. खरे सांगितल्याबद्दल त्यांना पदक मिळाले नाही. १९९२ साली ते वारले.

टेकडी चढायला धीर लागतो, तसा रिकाम्या हाताने जमावात जायलाही लागतो. वरच्या माणसाला नको असलेली खरी गोष्ट सांगायलाही तोच लागतो. गावच्या सभेत हिशेब जुळत नसेल, तर उठून तसे म्हणायला आपल्यालाही धीर लागतोच की!

शब्द शिका
पलटण : सैन्याची मोठी तुकडी
संगीन : बंदुकीला पुढे लावलेला सुरा
ओलीस : मागणी पुरी व्हावी म्हणून अडकवून ठेवलेला माणूस

सांगा पाहू
१. कांगावची वाट का अडवायची होती?
२. थोरात तारेच्या आत शस्त्र घेऊन गेले असते तर काय झाले असते?
३. तुमच्या गावात कोणी न भिता खरे बोलले, अशी एक आठवण चार ओळींत लिहा.