बॅगेच्या खिशावर नाव भरताना : क्लॅम्प कुठे, रिंग कुठे?

प्रश्न : कुंभिवलीत (ता. खालापूर) आमचे भरतकामाचे छोटे युनिट आहे. एका हेडचे, बारा सुयांचे मशीन आहे. कारखान्यांचे शर्ट, जॅकेट आणि टूल-बॅग यांवर नावे व लोगो काढून देतो. शर्टांची तक्रार नाही. बॅगेच्या खिशात रिंग बसत नाही म्हणून क्लॅम्प आणला, तर मराठी नावाची शिरोरेखा अक्षरांपासून सुटते, लोगोची बॉर्डर सरकते, आणि एकदा सुई क्लॅम्पच्या लोखंडावर आदळून तुटली. क्लॅम्प खराब आहे की आमची पद्धत? – एक वाचक भगिनी

उत्तर : क्लॅम्प बहुधा चांगलाच असेल. तुम्ही त्याच्याकडून रिंगचे काम मागत आहात, अडचण तिथे आहे. रिंगची दोन कडी एकमेकांत बसताना कापड सगळीकडून ओढले जाते, त्यामुळे ताण रिंगच देते. क्लॅम्पमध्ये खालच्या चौकटीवर कापड सपाट पसरायचे आणि वरची चौकट लिव्हरने दाबायची, एवढेच. काही क्लॅम्प तर दोनच बाजूंनी पकडतात. कापड जागेवर राहते, पण ताणले जात नाही. जरदोजीचे कारागीर कारचोबाच्या लाकडी चौकटीवर कापड दोरीने चहूबाजूंनी आवळून घेतात, ते याच ताणासाठी. क्लॅम्प लावल्यावर हा ताण दुसरीकडून आणावा लागतो. थोडा कापडाखालच्या आधाराच्या पेपरातून आणि बराचसा डिझाइनमधून.

आधी शिरोरेखेचे पाहू, कारण देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ती छळते. सॅटिनची पट्टी भरली जाते तेव्हा टाके ज्या दिशेने पडतात त्या दिशेने कापड आत खेचले जाते आणि पट्टीची रुंदी घटते. त्याच वेळी पट्टी लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांना थोडी बाहेर सरकते. अक्षराच्या उभ्या दंडाचे टाके आडवे असतात, म्हणून दंड बारीक होऊन उंच होतो. शिरोरेखेचे टाके उभे असतात, म्हणून रेघ बारीक होते. रिंगेत ताणलेले कापड ही ओढ बऱ्याच अंशी सोसते. क्लॅम्पमधले सैल कापड सोसत नाही, आणि रेघ व अक्षरे यांच्यात फट दिसू लागते. इंग्रजी नावात प्रत्येक अक्षर सुटे असल्याने एवढे सरकणे खपून जाते. मराठी नावात ते लांबूनही दिसते.

उपाय पंचिंगमध्ये, म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बनवण्यात आहे. दंडांची वरची टोके शिरोरेखेच्या आत निदान अर्धा मिलिमीटर घुसवा. नाव मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे भरत न्या आणि शिरोरेखा सगळ्या अक्षरांनंतर, एका दमात टाका. ती आधीची टोके झाकून टाकते. मात्रा, वेलांटी आणि रफार रेघेनंतर घ्या. सॅटिनखाली अंडरले, म्हणजे आधाराच्या टाक्यांचा थर हवाच. पुल कॉम्पेन्सेशन (ओढीमुळे घटणारी रुंदी भरून काढणारी वाढ) शर्टासाठी ०.२ मिलिमीटर ठेवत असाल तर क्लॅम्पवर ०.४ पर्यंत न्या. लोगोची बॉर्डर मात्र शेवटी ठेवू नका. भाग भरला की लगेच त्याची बॉर्डर घ्या, म्हणजे मधल्या वेळात कापडाला सरकायला वाव राहत नाही. शर्टाची फाइल तशीच बॅगेवर चालवली जाते, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तेच असते.

आता पेपर. फाडून निघणारा एक पातळ पेपर क्लॅम्पखाली पुरत नाही. कापून काढायचा जाड पेपर घ्या, चौकटीच्या चारही बाजूंनी बाहेर येईल एवढा मोठा, आणि तात्पुरत्या चिकटणाऱ्या स्प्रेने तो कापडाला चिकटवा. स्प्रे मशीनपासून लांब मारा. त्याचे कण हुकमध्ये बसले की धागा तुटत राहतो.

सुई वर येताना कापडही तिच्यासोबत उचलले जात असेल, तर खाली धाग्याचा गुंता होणारच. सुई सगळ्यात खालून किंचित वर उठते तेव्हा धाग्याचा छोटा फास तयार होतो आणि हुकचे टोक तो पकडते. कापड उचलले गेले तर फास नीट बनत नाही. सुई खाली असताना प्रेसर फूट कापडाला जेमतेम टेकेल, इतकी त्याची उंची ठेवा. जाड कॅनव्हासला ९०/१४ ची सुई लावा. ७५/११ ची शर्टाची सुई तिथे वाकते.

सुई लोखंडावर आदळली, ही गोष्ट मात्र सहज घेऊ नका. मशीनला क्लॅम्पची खरी खिडकी ठाऊक नसते. पॅनेलवर मोठ्या रिंगचे माप निवडलेले असेल, तर मशीन त्या मापापर्यंत निर्धास्त जाते. डिझाइन आणि चौकटीची कड यांत चहूकडे निदान ५ मिलिमीटर जागा सोडा. दर वेळी, म्हणजे दर बॅगेला, सुरू करण्याआधी ट्रेस, म्हणजे टाके न घालता डिझाइनच्या हद्दीवरून चौकट फिरवून बघा. आदळल्यानंतर फक्त सुई बदलून पुढे जाऊ नका. हुकच्या टोकावर ओरखडा आला आहे का ते नखाने तपासा आणि टायमिंग मेकॅनिककडून बघून घ्या. डोळ्यांवर चष्मा असू द्या. तुटलेल्या सुईचा तुकडा कुठे उडेल, सांगता येत नाही.

आता वेगाचे. १८२८ मध्ये फ्रान्समधल्या म्युलूजच्या जोशुआ हाइलमनने बनवलेल्या भरतकाम यंत्रातही नक्षी उमटायची ती कापडाची चौकट सरकवून. आजच्या मशीनमध्येही सुई एका जागी वर-खाली होते आणि चौकट फिरते. मिनिटाला ८०० टाके म्हणजे सेकंदाला तेराहून अधिक वेळा ती चौकट हलते आणि थांबते. तिला जड क्लॅम्प आणि वर लोंबणारी बॅग जोडली, की दर झटक्याला वजन मागे ओढते. म्हणून वेग ५०० ते ६०० वर आणा, बॅगेखाली टेबलाचा आधार द्या, आणि पट्टे, चेन, बक्कल चिकटपट्टीने बाजूला बांधून ठेवा.

कॅनव्हास, जाड डेनिम, बुटांचे वरचे भाग, रेक्झिन यांना क्लॅम्प उत्तम. रेक्झिनवर रिंगचा वळ कायमचा राहतो, रबर लावलेल्या क्लॅम्पचा सहसा राहत नाही. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला मात्र क्लॅम्प लावू नका. तुमच्या पट्ट्यातला पाऊस लक्षात घेता आणखी दोन गोष्टी सांगतो. पावसाळ्यात क्लॅम्पचे दात दर संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा. गंजाचा डाग पांढऱ्या गणवेशावरून जाता जात नाही. आणि रेनकोटच्या कापडावर लोगो मागितला तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा, की सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपेल.

एवढे करूनही सर्वांत चांगला मार्ग वेगळाच आहे. खिसा बॅगेवर शिवण्याआधी तुमच्याकडे मागवा. ब्लाउजच्या बाह्या आपण शिलाईआधीच भरून घेतो ना, तसेच. सुटा खिसा पेपरावर चिकटवून साध्या रिंगेत भरता येतो. मोठी ऑर्डर असेल तर बॅग शिवणाऱ्याशी हे आधीच ठरवून टाका.

प्रश्न : मग मॅग्नेटची फ्रेम घ्यावी का? – त्याच भगिनी

उत्तर : जॅकेटसाठी घ्या. जाड शिवणीवरही ती सारखी बसते, स्क्रू आवळत बसावे लागत नाही आणि वळही कमी पडतो. बॅगेच्या अरुंद खिशासाठी मात्र क्लॅम्पच सोयीचा. मॅग्नेट फार जोरात बंद होतो, तेव्हा बोटे सांभाळा, आणि ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांना ही फ्रेम हाताळायला देऊ नका. एका मशीनचे फ्रेम अडकवायचे हात दुसऱ्या मशीनशी जुळतीलच असे नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मशीनचा मॉडेल नंबर आणि दोन हातांमधले अंतर लिहून न्या, आणि आपल्याच मशीनवर ट्रेस फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.