शी कुठे करते, हे कुणी विचारलंच नाही

लहान मुलाचं पोट दुखतं म्हटलं की धुळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर: जंत. शेजारच्या काकू म्हणाल्या जंत, मेडिकलवाला म्हणाला जंत, आणि पहिल्या डॉक्टरांनी लेकीच्या पोटाला हातही न लावता जंताची गोळी लिहून दिली. फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेतच तिला अल्बेंडाझोल दिलेली होती. तसं मी सांगितलं, तर म्हणाले, "पुन्हा दिली तर बिघडत नाही." दिली. दुखणं तसंच.

मग गाडी पाण्यावर आली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवूनच वापरावं लागतं, त्यामुळे हा संशय मलाही पटला. पाणी उकळून द्यायला लागले. तरी तेच. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. म्हणाल्या, "माय, पोरले नजर लागनी व्हई." त्यांचा मला राग नाही, त्या रात्र रात्र तिच्या पोटावर ओव्याचा शेक देत बसायच्या. राग आहे तो शिकलेल्या लोकांचा.

लेक तेव्हा पहिलीत. दुखणं बेंबीभोवती, बहुतेक सकाळी शाळेच्या वेळेला नाहीतर संध्याकाळी घरी आल्यावर. रविवारी कमी. या वेळेवरूनच सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगी शाळा चुकवायला नाटक करते. वर्गाच्या बाईंनी फोन करून मला ऐकवलं, "आई, तुम्ही फार लाडावून ठेवलंय." पोट धरून घामाघूम झालेलं लेकरू ज्यांनी पाहिलेलंच नाही, त्यांनी हे म्हणावं! मी पहिल्यापासून सांगत होते की ही खोटं बोलत नाही. आईचं बोलणं ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

पुढे तिच्या चड्डीला पातळ डाग लागायला लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी जुलाब म्हणून औषध दिलं आणि सोनोग्राफी करायला पाठवलं. रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या गाठी, मेसेंटरिक लिम्फ नोड्स, असं लिहून आलं. रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, पोटाचा टीबी असू शकतो, सहा महिन्यांचा कोर्स सुरू करून टाकू. मी विचारलं, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, घरात कुणाला टीबी नाही, मग कशावरून? त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "डॉक्टर तुम्ही का मी?" मी फाईल उचलून बाहेर आले. घरी यावरून वाद झाला, पण मी औषध सुरू करू दिलं नाही. हे सगळ्या आयांना मुद्दाम सांगते: अशा लहान गाठी ठणठणीत मुलांच्या पोटातही सोनोग्राफीत दिसतात, साध्या सर्दी-खोकल्यानंतरही दिसतात. नुसत्या तेवढ्यावरून टीबी ठरत नाही. खरोखर टीबी असेल तर औषधं घ्यायलाच हवीत आणि पुरी घ्यायला हवीत, पण आधी तपासून पुरावा दाखवा म्हणावं.

शेवटी चक्करबर्डीला हिरे मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेले. गर्दी होती, नंबर दुपारी लागला. तिथल्या डॉक्टरबाईंनी फाईल बाजूला ठेवली, लेकीला टेबलावर झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि गप्पा मारत मारत पोट दाबून पाहिलं. मग माझा हात धरून बेंबीच्या खाली डावीकडे ठेवला. बोटांखाली सुपारीएवढे टणक गोळे लागले, एकाखाली एक. "हा मळ आहे," त्या म्हणाल्या. "किती दिवसांचा आहे कोण जाणे." मी म्हटलं, अहो, हिला तर जुलाब होतात. त्यांनी समजावलं की आत मळाचा खडा अडकला की वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो आणि मुलाच्या नकळत चड्डीत येतो. म्हणजे बद्धकोष्ठ असलेल्या पोरीला आम्ही जुलाब थांबवायचं औषध पाजत होतो.

मग त्यांनी मला नाही, लेकीला विचारलं, "शी कुठे करतेस गं?" लेक माझ्याकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "शाळेत दाराला कडी नाहीये." सकाळी व्हॅन लवकर येते म्हणून घरी बसायला वेळ नाही. शाळेत वर्ग चालू असताना सोडत नाहीत, मधल्या सुट्टीत रांग, दाराला कडी नाही, मोठ्या मुली दार ढकलून हसतात. म्हणून ती दाबून धरायची. दाबलं की मळ कडक होतो, कडक झाला की दुखतो, दुखतो म्हणून पोर आणखी दाबते. इतक्या जणांच्या तपासण्या-औषधांत हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ते स्वच्छतागृह मी डोळ्यांनी पाहिलं. कडीच्या जागी नुसती दोन भोकं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एवढ्या मुली जातात, तुमच्याच मुलीला काय होतं?" चड्डीला डाग लागला म्हणून माझ्या लेकीला वर्गासमोर उभं केलं होतं, हेही मला तिथेच कळलं. त्यावर एक शब्द दिलगिरीचा नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला, त्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं लिहिलेली आहेत. कडीचं वेगळं लिहायला हवं होतं का?

आता जे कळलं ते सांगते. पोटदुखीची वही ठेवा, पण त्यात नुसतं काय खाल्लं एवढंच लिहू नका. शी कधी झाली, कशी झाली, कुंथावं लागलं का, हेही लिहा. "रोज जाते" या मुलाच्या उत्तरावर जाऊ नका, रोज चार खडे टाकणारं पोटही भरलेलंच असतं. मुलाला एकट्याने, डॉक्टरांसमोर, त्याच्या शब्दांत बोलू द्या. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, अधांतरी पायांनी मुलाला जोर लावता येत नाही. रागावू नका. दिवसभर दूध पिणारं मूल बाकी काही खात नाही, ते आवरा. भाजी, फळं, पाणी, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

औषध मात्र डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस द्या. आम्हाला आधी आतला साठा काढायला आणि मग रोज मऊ शी व्हावी म्हणून पाण्यात कालवायची पावडर दिली होती, ती काही महिने चालली. ताणलेला आतड्याचा शेवटचा भाग मूळ जागेवर यायला वेळ लागतो. "सवय लागेल" म्हणून नातेवाईक मध्येच बंद करायला सांगतात, ऐकू नका.

आणि सगळंच बद्धकोष्ठ नसतं. ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी केली होती. दहातल्या साधारण एकाला असं वरचेवर पोट दुखायचं आणि त्यातल्या फार थोड्यांत आजार सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकं जास्त लक्ष द्या, हे त्यांचंच सांगणं. झोपेतून उठवणारं दुखणं, हिरवी उलटी, शीतून रक्त, उतरणारं वजन, न वाढणारी उंची, रेंगाळणारा ताप, लघवीला जळजळ, यातलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

शाळेचं सांगायचं तर तोंडी विनंत्यांनी काही झालं नाही. डॉक्टरबाईंनी लेटरहेडवर लिहून दिलं, "या विद्यार्थिनीला वर्ग चालू असतानाही शौचास जाऊ द्यावे," तेव्हा कुठे सोडायला लागले. अशी चिठ्ठी मागून घ्या, शाळेत देताना आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या, आणि जूनमध्ये वर्गाच्या बाई बदलल्या की तिची झेरॉक्स पुन्हा द्या.