तापातल्या रक्ताची स्लाइड

पावसाळा लागला की बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरपासून मार्केट यार्डाच्या बाजूपर्यंत, लॅबच्या बाकावर तापाचे पेशंट दाटीवाटीने बसतात. पांढऱ्या पेशींचा आकडा मशीन मिनिटाभरात देतं. जिवाणूंच्या विषाने अस्थिमज्जेची काय गत केली आहे, ते मात्र स्लाइडवर बघावं लागतं.

जांभळ्या झाकणाची ट्यूब हलक्या हाताने ८-१० वेळा उलटसुलट करा आणि २ तासांच्या आत स्लाइड ओढा. ट्यूब पडून राहिली तर धडधाकट पेशींतही पोकळ्या दिसतात आणि उगाच घबराट होते. थेंब लहान घ्या, दुसरी काच ३० ते ४५ अंशांत धरून एका दमात पुढे न्या. हवा दमट असेल तर पंख्याखाली पूर्ण सुकवा.

लिशमन रंग २ मिनिटं, मग त्यावर दुप्पट बफर (पीएच ६.८), ८ ते १० मिनिटं. धुवायलाही बफरच वापरा; पाणी अल्कधर्मी असलं की सगळं निळं पडतं.

आता ऑइल लेन्स. पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथे १०० पांढऱ्या पेशी मोजा. पिकलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक ३ ते ५ तुकड्यांचं असतं. अखंड, वाकलेली पट्टी दिसली तर तो बँड. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या कवचातल्या एंडोटॉक्सिनचा सुगावा शरीराला टीएलआर-४ या रिसेप्टरमधून लागतो, मज्जेला चालना देणारं जी-सीएसएफ वाढतं आणि मज्जा कच्चाच माल बाहेर काढू लागते. पेशीतले गडद जांभळे कण याच घाईचे. काठाला फिकट निळा डाग असेल तर ती डोहले बॉडी. गरोदरपणातही, किंवा केमोनंतर जी-सीएसएफचं इंजेक्शन घेतलेल्यांतही असंच दिसतं, म्हणून आधी पेशंटला विचारा.

एकूण पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली आणि बँड मात्र भरपूर, म्हणजे मज्जेची कोठी रिती होत आली. रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा.

पेशी कमी आणि इओसिनोफिल जवळजवळ गायब असतील तर टायफॉइड मनात धरा. नुसत्या विडाल टेस्टवर विसंबणं मला पटत नाही. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्या, मोठ्या माणसाला बाटलीमागे ८ ते १० मिली. औषध आधीच सुरू झालं असेल तरी मज्जेच्या कल्चरमध्ये जंतू सापडू शकतात. पण हाडात सुई घालायचं ते काम हॉस्पिटलातलं, तेही ताप हटतच नसेल तेव्हा.