जाताना सोळा तास, येताना चौदा : असे का?

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला जायचे आहे. मुंबईहून जाताना विमानाला जास्त वेळ आणि परतताना कमी, असे का? – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. अंतर तेच, पण वारा वेगळा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, म्हणून साधारण सोळा तास; परतताना पाठीशी असतात, म्हणून चौदाच्या आसपास.

घड्याळानेही गोंधळू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात मुंबईहून पहाटे दोनला निघालात, तर सोळा तासांनी तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतील!

यवतमाळहून नागपूर विमानतळ रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. तिथून मुंबई दीड तास. दोन विमानांच्या मध्ये भरपूर वेळ ठेवा. प्रवासात पाणी पीत राहा, तासा-दोन तासांनी उठून चार पावले चाला, पाय सुजणार नाहीत. रोजची औषधे मात्र हातातल्या पिशवीतच ठेवा. निर्धास्त जा, नातवंडाला मांडीवर घ्या!