बेवारस गाडी

ओढ्याकाठी एक मोटारसायकल पडली होती. चार दिवस झाले, तरी मालक येईना. पोलीस पाटलाने ठाण्यावर खबर दिली. पोलीस आले. त्यांनी पंचनामा केला, गाडी ताब्यात घेतली आणि कोर्टाला कळवले.

मग गाडी पोलिसांची झाली का? नाही. गाडी मालकाचीच. मालक कळला, तर कोर्ट त्याला गाडी परत देते. न कळला, तर कोर्ट जाहीरनामा काढते. त्या दिवसापासून ६ महिन्यांच्या आत मालकाने कोर्टापुढे हजर व्हावे. कोणीच आले नाही, तर गाडी सरकारजमा होऊन विकली जाऊ शकते.

तुमची गाडी चोरीला गेली, तर गप्प बसू नका. ताबडतोब फिर्याद द्या. गाडी सापडली, की कागद घेऊन कोर्टात अर्ज करा. खटला चालू असला, तरी हमी लिहून देऊन गाडी मिळू शकते. ठाण्यात गाड्या वर्षानुवर्षे पडू देऊ नयेत, असे सुप्रीम कोर्टाने २००२ साली सांगितले आहे.

जुनी गाडी घ्याल, तेव्हा आधी कागद आपल्या नावावर करून घ्या. नाव नसेल, तर गाडी आपली हे सांगायचे कसे? कष्टाच्या पैशाची गाडी ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नका.