घरचा अभ्यास का राहतो आणि राहू नये म्हणून काय करावे



गृहपाठ कुणाला फारसा आवडत नाही, हे आम्हां सातवीच्या मुलांना चांगले ठाऊक आहे. तरीही या वेळच्या भित्तिपत्रकात आम्ही हाच विषय घेतला आहे. त्याचे कारण असे की, राहिलेला गृहपाठ एकटा राहत नाही. तो मुलाला शाळेतून मागे ओढतो.

ते कसे होते, पाहा. सोमवारी गणिताच्या तासाला सममूल्य अपूर्णांक शिकवले आणि सरावाला पाच उदाहरणे दिली. एका मुलाची ती राहिली. मंगळवारी सकाळी त्याला आठवण झाली. आता गुरुजी विचारणार, सगळ्यांसमोर उभे राहावे लागणार! मग तो म्हणतो, ‘आई, पोटात दुखतंय.’ झाले, मंगळवार घरी गेला. नेमकी मंगळवारीच अपूर्णांकांची बेरीज शिकवली गेली. १/३ आणि १/४ यांची बेरीज करायची, तर आधी ४/१२ आणि ३/१२ असे समच्छेद करावे लागतात, मग ७/१२ उत्तर येते. बुधवारी हा मुलगा वर्गात येतो, पण त्याला ना सोमवारचे येते ना मंगळवारचे. फळ्यावर गुरुजी काय करतात ते त्याला कळत नाही. मग गुरुवारीही पोटात दुखते. पोटदुखीचे मूळ पाच उदाहरणांत होते, हे घरी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

चौथीपर्यंत हे फारसे जाणवत नाही. बहुतेक विषय एकच बाई किंवा गुरुजी शिकवतात, काय राहिले ते त्यांच्या लक्षात असते. पाचवीत हिंदी हा नवा विषय येतो. सहावीत सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी पुस्तके वेगळी होतात. वह्या वाढतात, शिकवणारेही वाढतात. प्रत्येक जण आपापला अभ्यास देतो. एवढे सगळे डोक्यात ठेवणे मोठ्या माणसालाही जमत नाही. किराणा दुकानदार उधारी वहीत लिहितो, दूध डेअरीवर लिटरची नोंद होते, मग आपणच गृहपाठ तोंडी का ठेवावा?

म्हणून पहिले काम म्हणजे नोंदवही. ती विकत आणायची गरज नाही. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढा, दुमडा, दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवा. वर जुन्या वहीचा पुठ्ठा लावा. तीत रोज तारीख टाकून लिहायचे. पण लिहायचे कसे, हेही महत्त्वाचे आहे. ‘गणित करणे’ असे लिहिले तर संध्याकाळी त्याचा काही उपयोग होत नाही. ‘गणित, सरावसंच १४, उदाहरणे १ ते ५, गुरुवारपर्यंत’ असे लिहावे. विषय, पान किंवा स्वाध्याय, किती आणि कधीपर्यंत, या चार गोष्टी हव्यातच. आणि गुरुजींनी सांगितले की त्याच क्षणी लिहावे. घंटा झाल्यावर सगळे दप्तर भरण्याच्या गडबडीत असतात, तेव्हा अर्धे ऐकू येते आणि अर्धे राहते. आमच्या वर्गात फळ्याचा उजवा कोपरा गृहपाठासाठी मोकळा ठेवलेला असतो. शाळा सुटण्यापूर्वी शेजारचा जोडीदार आपली नोंद वाचून पाहतो, आपण त्याची पाहतो. दोन मिनिटे लागतात. गैरहजर मुलाचा गृहपाठ सांगण्याचे कामही जोडीदारानेच करायचे असे आम्ही ठरवले आहे. जवळ राहणाराच जोडीदार निवडला तर बरे पडते.

आता वेळ. ‘रोज सायंकाळी ६ ते ८ अभ्यास करावा’ असे वेळापत्रक पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते आपल्या घरांना लागू पडत नाही. सहा वाजता कुणाला शेळ्या बांधायच्या असतात, कुणाला डेअरीवर दूध घालायचे असते, कुणाला पाण्याच्या नळावर नंबर लावायचा असतो. घर एका खोलीचे असले तर तिथेच चूल, तिथेच टीव्ही, तिथेच धाकटे भावंड. म्हणून दुसऱ्याचे वेळापत्रक उतरवून घेऊ नका. आपल्या घरात कुठला अर्धा तास शांत असतो तो शोधा. कुणाला पहाटेचा सापडेल, कुणाला शाळेतून आल्या आल्या भाकरी खाल्ल्यावरचा. तोच रोज धरावा. वीज जाण्याचा भरवसा नसेल, तर लिहिण्याचे काम उजेड आहे तोवर उरकावे आणि पाढे, कविता, शब्दार्थ अंधारासाठी ठेवावेत. पाढे म्हणायला दिवा लागत नाही.

मोबाइलविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हापासून पुष्कळ घरांत गृहपाठ मोबाइलवर पाहण्याची सवय लागली. त्यात वाईट काही नाही. पण गृहपाठ बघायला घेतलेला मोबाइल तासभर हातातून सुटत नाही, हे आपण सगळेच जाणतो. त्यावर उपाय साधा आहे. काय दिले ते नोंदवहीत उतरवून घ्या आणि मोबाइल ज्याचा त्याला परत द्या. मग अभ्यासाला बसा.

मोठा प्रकल्प दिला की सर्वांत जास्त धांदल होते. समजा, सोमवारी ‘आपल्या गावातील पाण्याचे स्रोत’ हा प्रकल्प दिला आणि पुढच्या मंगळवारी आणायला सांगितला. आठ दिवस आहेत म्हणून सगळे निवांत राहतात. मग सोमवारी रात्री धावाधाव होते, वडील कागद आणायला पळतात, ताई चित्र काढते आणि मुलगा झोपतो! असे प्रकल्प गुरुजी लगेच ओळखतात, बरे का.

प्रकल्पाचे दिवस शेवटाकडून मोजायचे. मंगळवारी द्यायचा, म्हणून सोमवारी फक्त एकदा वाचून पाहायचा. रविवारी नीट अक्षरात लिहायचा आणि नकाशा काढायचा. लिहायला माहिती हवी, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विहिरी, हातपंप, बोअर पाहून यायचे. विहिरीचे पाणी किती खोल आहे ते दोरीला दगड बांधून मोजता येते, मात्र ते घरच्या मोठ्या माणसानेच करावे, आपण कठड्यावर वाकू नये. शुक्रवारी आजी-आजोबांना विचारायचे, पूर्वी कुठली विहीर उन्हाळ्यातही आटत नसे, नळ गावात कधी आला. विचारायचे तर प्रश्न तयार हवेत, म्हणून गुरुवारी प्रश्न लिहून काढायचे. म्हणजे पाहा, आठ दिवसांचे काम खरे तर गुरुवारीच सुरू व्हायला हवे, आणि तरीही कोणत्याही दिवशी अर्ध्या तासाहून फार जास्त बसावे लागत नाही. शनिवारी पाऊस आला तरी रविवार हाताशी राहतो. हे सगळे त्या त्या तारखेच्या पानावर नोंदवहीत आधीच लिहून टाकावे.

पाठांतराचेही असेच आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने अर्थ नसलेल्या अक्षरांच्या माळा पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजले. तासाभरातच निम्म्याहून अधिक गळून गेले होते! एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश उरले. पुढे मात्र गळती मंद होत गेली. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हणून जेवढा फायदा झाला, तेवढाच फायदा तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्याने झाला. म्हणजे जवळजवळ निम्मे कष्ट वाचले. आपल्या इंग्रजीच्या स्पेलिंगला हे तंतोतंत लागू करता येते. शुक्रवारच्या चाचणीसाठी वीस शब्द असतील, तर गुरुवारी रात्री दोन तास घोकण्यापेक्षा सोमवारपासून रोज दहा मिनिटे द्यावीत.

घोकताना पुस्तकात बघत राहू नये, हेही सांगायला हवे. २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या मते यातच सारी गंमत आहे. पुन्हा पुन्हा वाचले की धडा ओळखीचा वाटतो आणि आपण म्हणतो, ‘येतंय की!’ पण ओळखीचा वाटणे वेगळे आणि येणे वेगळे. धडा वाचा, पुस्तक मिटा, पाटीवर लिहा, पुस्तक उघडून तपासा. चुकले तेवढेच पुन्हा करा. पाटी नसेल तर अंगणातल्या मातीवर काडीने लिहिले तरी चालते.

दप्तराचे फार लांबवत नाही. ते रात्रीच भरावे, सकाळी नव्हे. वेळापत्रक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे आणि उद्याच्या तासांचीच पुस्तके घ्यावीत. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. ३० किलोच्या मुलाला ३ किलो झाले. एकदा दुकानातल्या काट्यावर दप्तर ठेवून पाहा, मग कळेल! सुटे कागद हरवतात, त्यासाठी लग्नपत्रिकांची जाड पाकिटे उत्तम. एकावर ‘करायचे’ आणि दुसऱ्यावर ‘झालेले’ असे लिहावे. पुष्कळदा गृहपाठ केलेला असतो, पण तो घरी गादीखाली राहतो आणि बोलणी मात्र खावी लागतात.

आता पालकांना विनंती. ‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार?’ असे काही आईवडील म्हणतात. आपण पुष्कळ करू शकता. रोज एवढेच विचारा, ‘आज काय दिलंय? दाखव बरं.’ नोंदवहीवर आजची तारीख आहे का पाहा, वहीत गुरुजींची सही आहे का पाहा. मग म्हणा, ‘मला समजावून सांग.’ आपल्याला अक्षर ओळखता आले नाही तरी पोरगं अडखळलं की आपल्याला बरोबर कळतं. उत्तर मात्र लिहून देऊ नका, ताईलाही देऊ देऊ नका. शेजारच्या मुलाशी तुलनाही नको.

दुसरे, मुलींविषयी. पाणी भरणे, भांडी, धाकट्याला सांभाळणे यांतून मुलीचा अभ्यासाचा अर्धा तास रोज निघून जातो आणि भाऊ मात्र पुस्तक घेऊन बसलेला असतो. तो अर्धा तास दोघांनाही द्यावा. काम वाटून दिले तर दोघांचेही होते.

तिसरे, वेळेची मर्यादा. त्याच २०२० च्या धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास आणि सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास असे सांगितले आहे. तेव्हा सहावीतले मूल तासभर मनापासून बसूनही अडले असेल तर त्याला रात्री अकरापर्यंत बसवू नका. जिथे अडले तिथे वहीत रेघ मारून ‘येथे समजले नाही’ असे लिहायला सांगा. गुरुजींना कोरे पान दिसण्यापेक्षा ती रेघ दिसलेली बरी, कारण कुठून शिकवायचे ते तिच्यावरून समजते. पण गृहपाठ राहिला म्हणून मुलाला घरी ठेवू नका. शाळेत मारतील अशी भीती त्याला वाटत असेल तर सांगा की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना मनाई केली आहे.

ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामाला गाव सोडून जाणाऱ्या पालकांनी शक्यतो मुलाला गावीच नातलगांकडे ठेवण्याचा विचार करावा. न्यावेच लागले तर जाण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्यावे, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येते. नोंदवही आणि पुस्तके बरोबर द्यावीत. कुठल्या धड्यापर्यंत झाले ते नोंदवहीत लिहून द्यायला वर्गशिक्षकांना सांगावे, म्हणजे नव्या गुरुजींना कळेल.

शेवटी आमच्या वर्गाची एक सूचना. शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास आम्ही सातवीची चार-पाच मुले-मुली वडाच्या कट्ट्यावर बसतो. सोमवारी आणि गुरुवारी गणित, मंगळवारी आणि शुक्रवारी इंग्रजी. पाचवी-सहावीच्या कुणालाही यायला हरकत नाही. उत्तर उतरवून मिळणार नाही. येताना वही आणावी आणि जिथे अडले तिथे रेघ मारलेली असावी.